रिव्हॉल्व्हरच्या अंगातलं कुलूप: भरवसा ठेवायचा की नाही?

रानवाटा (धागाकर्ता)

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. डोंगरात एकट्याने भटकायची खोड आहे, म्हणून नागरिकत्व मिळाल्यावर पाच गोळ्यांचं एक बुटकं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर घेतलं. .३८ बोअर, फ्रेम अॅल्युमिनियमची. गेल्या शनिवारी रेंजवर शेजारच्या आजोबांनी ते बघायला मागितलं. उलटंसुलटं केलं, डाव्या अंगाच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या भोकावर अंगठा टेकवला, "हिलरीचं भोक" एवढंच म्हणाले आणि परत दिलं. जणू मी त्यांना भेसळीचं तूप हुंगायला दिलं होतं.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसनने बिल क्लिंटन सरकारशी करार केला (हिलरी त्यांच्या पत्नी, टोमणा तिथूनच). त्यात एक कलम होतं, दोन वर्षांत प्रत्येक हँडगनला अंगभूत कुलूप. बंदूकवाले खवळले, बहिष्कार पडला. ब्रिटनच्या टॉमकिन्सने १९८७ मध्ये ही कंपनी ११ कोटी २५ लाख डॉलरला घेतली होती. मे २००१ मध्ये तिने ती दीड कोटी डॉलरला फुंकून टाकली (कर्जाचा बोजा वेगळा). घेणारी कंपनी कोण, तर अॅरिझोनाची सेफ-टी-हॅमर, बंदुकांची कुलपंच करणारी! करार पुढे बारगळला, कुलूप मात्र राहिलं.

भोकात छोटी किल्ली घालून फिरवली की घोड्याच्या शेजारून एक पत्री वर येते आणि घोड्यात अडकते. (घोडा म्हणजे हॅमर, चाप म्हणजे ट्रिगर. सिनेमावाले चापाला घोडा म्हणतात, ते सोडून द्या.) मग घोडा हलत नाही आणि चाप ओढला जात नाही. पत्रीवर 'लॉक्ड' अशी अक्षरं असतात, ती वर आलेली दिसतात.

माझा आक्षेप असा. कुलूप उघडं असताना ही पत्री एका बारीक स्प्रिंगच्या जिवावर खाली बसलेली असते. हलक्या बंदुकीतून जोरदार काडतूस उडवलं की दणक्याने पत्री आपोआप वर येऊन बंदूक जागीच बंद पडल्याच्या तक्रारी अमेरिकेत वीस वर्षं चालू आहेत. माझ्या बंदुकीत हे कधी झालेलं नाही, हेही सांगून टाकतो. पण आयुष्यात लागलंच तर एकदाच लागणाऱ्या वस्तूत मी न मागितलेला एक भाग कशाला हवा? तुम्हाला काय वाटतं?

---

बाल्टिमोरची माई

साफ असहमत.

आमच्या मेरीलँडमध्ये २००२ नंतर बनलेली हँडगन अंगभूत यांत्रिक सुरक्षा यंत्रणेशिवाय दुकानदाराला विकता येत नाही. कायदा आला तेव्हा आमच्या ह्यांनीही तुमच्यासारखीच आदळआपट केली होती. मग मुलगा बारा वर्षांचा झाला आणि शनिवारी त्याचे मित्र रात्री मुक्कामाला यायला लागले. पाच मुलगे, मध्यरात्रीपर्यंत घरभर धुडगूस. आपल्या मुलाला मी दहादा बजावलेलं असतं, त्याच्या मित्रांना कोण बजावणार? एकदा मला त्यातला एक आमच्या बेडरूमच्या कपाटात चार्जर शोधताना सापडला. चार्जरच शोधत होता बिचारा. पण माझ्या पोटात गोळा आला तो आलाच.

बाहेरून लावायचं कुलूप "उद्या लावू" म्हणून राहतं. पोटातलं कुठे हरवत नाही. तुमच्यासारखे एकटे भटकणारे ठीक आहेत हो, पण बंदूक डोंगरात दोन तास असते आणि उरलेले बावीस तास घरात.

---

रानवाटा

माई, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात वॉशिंग्टन शहराचा नियम रद्द केला. घरातली बंदूक सुटी करून नाहीतर चापाला कुलूप घालून ठेवा, असा तो नियम होता. म्हणजे संकटात चटकन वापरता येणं महत्त्वाचं, हे न्यायालयानेही मानलं.

---

बाल्टिमोरची माई

तो नियम बंदूक कायम निकामी ठेवा असं सांगत होता. मेरीलँडचा कायदा म्हणतो, बंदुकीत कुलूप असू द्या. ते फिरवायचं की नाही हे तुमच्या हातात. एकाची ढाल दुसऱ्यासमोर धरू नका.

---

चाकणचा फिटर

मी बंदुकीला उभ्या जन्मात हात लावलेला नाही, पण पोटापाण्यासाठी स्प्रिंगा आणि खटके यांच्याशीच झगडतो. म्हणून बोलतो.

रानवाटा, तुम्ही दोन वेगळ्या बंदुकांचं भय एकाच पोत्यात भरलंय. ज्या मॉडेलच्या तक्रारी गाजल्या ती बहुतेक स्कँडियमच्या (म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या) फ्रेमची आणि टायटॅनियमच्या सिलिंडरची. ३२९पीडी घ्या. .४४ मॅग्नम काडतूस आणि वजन जेमतेम पाऊण किलो. तेच काडतूस उडवणारं पोलादी मॉडेल २९ सव्वा किलोच्या पुढे जातं. गोळी तीच, दारू तीच, म्हणजे मागे येणारा संवेगही तोच. वजन पावणेदोन पट कमी झालं की बंदूक पावणेदोन पट वेगाने मागे येते आणि आतल्या प्रत्येक सुट्या भागाला त्याच पटीत झटका बसतो. स्प्रिंग मात्र तीच! पत्री उडाली तर नवल नाही. तुमचं .३८ त्या पंगतीत बसत नाही. तुम्ही शेजाऱ्याचा ताप अंगावर काढताय.

दुसरं म्हणजे आकडा. "तक्रारी आहेत" म्हणजे नेमक्या किती? वीस वर्षांत लाखांनी बंदुका विकल्या गेल्या. त्यातल्या किती अडकल्या, त्या अडकण्यात स्प्रिंग किती, मळ किती, घरी खोलून उलटी बसवलेली पत्री किती? छेद नसलेल्या अपूर्णांकावर तुम्ही सगळा निकाल देताय.

आणि दुचाकीचं उदाहरण घ्या. साईड स्टँड खाली असेल तर गाडी गिअरमध्ये घालताच इंजिन बंद पडतं, तो सेन्सर. पावसाळ्यात चिखल बसला की सेन्सर येडा होतो आणि भर चौकात गाडी बंद. मला झालंय, मागून पीएमपीची बस, तिचा हॉर्न अजून कानात आहे. म्हणून मी तो सेन्सर काढून टाकावा का? वडील स्टँड न काढताच वळले आणि कॉलरबोन मोडून घेतलं, ते सेन्सर नसलेल्या गाडीवर.

---

रानवाटा

फिटरसाहेब, गणित मान्य. सेन्सरचं उदाहरण मात्र तुमच्यावरच उलटतं. बंद पडलेली गाडी ढकलत कडेला नेता येते. अडकलेलं रिव्हॉल्व्हर कुणाच्या अंगावर फेकू?

लोक ऑटोमॅटिक पिस्तूल सोडून रिव्हॉल्व्हर घेतात ते कशासाठी? सेफ्टीचा खटका नाही, मॅगझिन नाही. चाप ओढला की उडतं, आणि काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढला की पुढचं समोर येतं. एवढ्या एका गुणासाठी आम्ही पाच गोळ्यांवर भागवतो. त्यातच तुम्ही चावी-कुलूप घालणार.

आणि कंपनीलाही हे कळलंय. ४४२ आणि ६४२ ही छोटी मॉडेलं पुढे कुलपाविनाही मिळू लागली. २०२४ मध्ये अल्टिमेट कॅरी नावाची मालिका आली, तीही बिनकुलपाची, आणि लोकांनी उड्या मारून घेतली. कुलूप इतकं बिनधोक होतं तर ते काढलं का?

---

चाकणचा फिटर

गिऱ्हाईक मागतं म्हणून. आमच्याकडे गाडीचा रंगही गिऱ्हाईक मागतं म्हणून बदलतात, आधीचा रंग सदोष होता म्हणून नाही.

खरा राग यंत्रावर आहे की करारावर, तेही एकदा तपासा. ब्राझीलच्या टॉरसने १९९७ पासून घोड्यातच कुलूप बसवलं, म्हणजे करार व्हायच्या तीन वर्षं आधी. अमेरिकेच्याच रुगर कंपनीने काही मॉडेलांत ते मुठीच्या आवरणाखाली लपवलं. त्यांना कुणी बाईचं नाव चिकटवलं का? आजोबांनी भोकावर अंगठा ठेवून स्प्रिंगचं नाव घेतलं नाही, हिलरीचं घेतलं.

---

उगाच एक

बंदूकच नको, कुलूपच नको. विषय संपला. बाकी चालू द्या.

ता.क. आपला गोविंदा विसरलात का? १ ऑक्टोबर २०२४, पहाटे पावणेपाच, जुहूचं घर. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, बार उडाला आणि गोळी पायात. तेव्हा बातम्यांत आलं होतं की रिव्हॉल्व्हरच्या लॉकचा तुकडा तुटलेला होता. आता बोला, लॉकवर भरवसा?

---

जुनं ते सोनं

इथेच तर सगळा घोटाळा आहे! बातमीतलं 'लॉक' आणि धाग्यातलं 'लॉक' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मराठीत दोन्हीला आपण लॉकच म्हणतो, म्हणून ही गफलत.

धाग्यातलं कुलूप परक्या हाताला अडवतं. पडल्यावर बार उडू नये म्हणून रिव्हॉल्व्हरच्या पोटात जी व्यवस्था असते तिला किल्ली लागत नाही. ती कायम चालू असते आणि चाप पूर्ण ओढला तरच बाजूला होते. त्या पहाटेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नेमकं काय तुटलं होतं ते तपासणारे जाणोत. पण हातातून पडून बार उडाला तर प्रश्न या दुसऱ्या व्यवस्थेचा असतो, किल्लीचा नाही.

या दुसऱ्या व्यवस्थेचा इतिहास रक्ताने लिहिलेला आहे. १८७३ चं कोल्ट, वेस्टर्नपटांतलं ते. त्यात घोड्याचं टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकायचं. जाणते लोक सहा घरांत पाचच गोळ्या भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाकडे स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी मॉडेल होतं. त्यात घोडा रोखणारी पट्टी होती, तरी १९४४ मध्ये जहाजाच्या डेकवर एक पडलं, बार उडाला आणि खलाशी गेला. मग कंपनीने घाईघाईने ती पट्टी नव्याने घडवली. आजच्या रिव्हॉल्व्हरांत त्याच पट्टीची वंशावळ आहे. रुगरने १९७३ मध्ये आपल्या वेस्टर्न धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांत ट्रान्सफर बार आणला. त्यात घोडा फायरिंग पिनपर्यंत (काडतुसावर आपटणाऱ्या टाचणीपर्यंत) पोचतच नाही. चाप ओढलेला असेल तेव्हाच मधे एक पट्टी वर येते आणि घाव पुढे पोचवते. १९८२ पासून तर रुगर जुन्या बंदुकांतही ही पट्टी फुकट बसवून देते.

म्हणून रानवाटा, "न मागितलेला भाग नको" हे वाक्य जपून वापरा. ही पट्टीही कुणी मागितली नव्हती. तीही स्प्रिंगवर आणि खाचेवर चालते, तीही अडकू शकते. तिच्यावर तुम्ही डोळे मिटून भरवसा टाकून डोंगर चढता.

(अवांतर: रिव्हॉल्व्हरला हाताने लावायचा सेफ्टीचा खटका नसतो, हेही सरसकट खरं नाही. सिंगापूर पोलिसांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरांना तो होता.)

---

रानवाटा

सोनंसाहेब, हा मुद्दा चांगला बसला, मान्य. पण फरक आहे. ती पट्टी चाप ओढला की स्वतःहून बाजूला होते, तिला मी काही सांगावं लागत नाही. पत्रीचं उलटं आहे. ती चुकून वर आली तर चाप ओढून खाली जात नाही. खिशात किल्ली नसेल तर मेलो.

---

जुनं ते सोनं

हं. हे खरं. इथे मी गप्प.

---

कृष्णाकाठ

आजोबांकडे .३२ ची वेब्ली होती, कमरेत मोडून भरायची. सांगलीकडची ऊसशेती, रात्रीची पाण्याची पाळी, त्यामुळे परवाना मिळाला होता. तिला ना भोक, ना किल्ली. पण कुलपं तीन होती! एक गोदरेजच्या कपाटाचं, दुसरं आतल्या लॉकरचं, तिसरं काडतुसांच्या पत्र्याच्या पेटीचं, आणि ती पेटी देवघरातल्या फडताळात. तिन्ही किल्ल्या आजीच्या कमरेला. आजोबांना बंदूक हवी असली की आधी आजीला कारण पटवावं लागायचं. भाऊबंदकीत एकदा बांधावरून तापून घरात आले आणि म्हणाले, किल्ली दे. आजी म्हणाली, आधी जेवा. जेवले, झोपले, सकाळी उतरले होते.

निवडणूक आली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा. आजोबा पावती घडी घालून टोपीत ठेवायचे. निकाल लागून हत्यार परत मिळेपर्यंत आजी निर्धास्त, पण तोंडाने तक्रार मात्र "घरात हत्यार नाही" अशी.

तात्पर्य वगैरे काढत नाही. फिटरसाहेबांच्या स्प्रिंगेपेक्षा आजीची कंबर भरवशाची होती, एवढंच.

---

बाल्टिमोरची माई

कृष्णाकाठ, आजी छान. पण माझ्या घरात दिवसभर कुणी नसतं हो. आणि बाहेरच्या कुलपांची एवढी महती नको. अमेरिकेत सुरक्षेच्या मोहिमेत फुकट वाटलेली चार लाख बंदूक-कुलपं फेब्रुवारी २००१ मध्ये परत मागवावी लागली होती. किल्लीशिवायच उघडत होती! ग्राहकसुरक्षा आयोगाने त्या सुमारास ३२ प्रकारची कुलपं तपासली, त्यातली ३० किल्लीशिवाय उघडली. म्हणजे "आतलं कुलूप बेभरवशाचं, त्यापेक्षा बाहेरचं लावा" हा सल्लाही तपासून घ्यावा लागतो.

---

उगाच एक

माई, मग तुमचं आतलं कुलूप तरी काय मोठं? ऐकलंय की स्मिथ अँड वेसनच्या सगळ्या रिव्हॉल्व्हरांना एकच किल्ली चालते. म्हणजे चोराने आपलीच आणली की झालं.

---

बाल्टिमोरची माई

चालते एकच. पण मी चोरासाठी कुलूप लावत नाही. चोर बंदूकच उचलून नेईल, किल्लीची वाट कशाला बघेल? मी लावते ते चार्जर शोधणाऱ्या मुलासाठी.

बरं रानवाटा, एक सांगा. तुमची किल्ली आत्ता कुठे आहे?

---

रानवाटा

बघतो.

---

चाकणचा फिटर

बघाच. आणि सापडली की एक प्रयोग करा. बंदूक रिकामी करा, दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग कुलूप लावा, दिवे घालवा, झोपल्याजागेवरून उठून उघडा. फोनवर वेळ लावून. अंदाज नको, सेकंद सांगा.

---

कृष्णाकाठ

दुसरा दिवस गेला. रानवाटा, आहात ना? की किल्ली शोधताय अजून?

---

रानवाटा

शोधतच होतो. कंपनीने बंदुकीसोबत दोन दिल्या होत्या. एक बंदुकीच्याच मूळ डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिन न उघडलेली. (हसा.) दुसरीचा पत्ता नाही. तेरा वर्षांत मी हे कुलूप एकदाही फिरवलेलं नव्हतं, हेही या निमित्ताने कबूल करतो. म्हणजे ज्याच्यावर दोन दिवस भांडतोय ते मी पहिल्यांदाच लावलं.

लावलं. पत्री वर येते, अक्षरं दिसतात, चाप दगडासारखा होतो. काम चोख करतं, त्यात शंका नाही.

मग फिटरसाहेबांचा प्रयोग. बंदूक रिकामी, काडतुसं खाली तळघरात. पहिल्या खेपेला अंधारात भोकच सापडेना. सापडलं तेव्हा किल्ली हातातून सुटून पलंगाखाली गेली. ५२ सेकंदांनी हार मानून दिवा लावला. दुसऱ्या खेपेला ३१. तिसऱ्या खेपेला १९, पण तोवर बायको जागी होऊन "काय चाललंय?" म्हणून बसलेली होती.

मग तिने विचारलं की बटणं दाबून उघडायची ती पोलादी पेटी का नाही वापरत. अंधारात बोटांनी चाचपून चार आकडे. करून बघितलं: ६ सेकंद.

---

बाल्टिमोरची माई

म्हणजे पेटी घेतलीत तर! सांगायचं ना आधी.

---

रानवाटा

घेतली नाही, घरातच होती. तिनेच चार वर्षांपूर्वी आणली होती. आत आमचे पासपोर्ट आणि तिचं मंगळसूत्र होतं. बंदूक मोज्यांच्या कप्प्यात.